मगरीची किटली: शिल्प आणि भांडं एकाच मातीत घडवताना कामाचा क्रम

बडोद्यात मातीकाम शिकणाऱ्यांना सध्या एक हौस लागली आहे. भांडं वापराचं करायचं, पण त्याला प्राण्याचा, झाडाचा नाहीतर जुन्या वाड्याचा आकार द्यायचा. हौस उत्तम आहे, घोळ होतो तो क्रमात. आधी प्राणी पूर्ण होतो, मग त्यात भांडं बसवण्याची धडपड सुरू होते. भट्टीतून निघालेली मगर देखणी असते, पण चहा ओतला की अर्धा कपात आणि अर्धा बशीत. झाकण अडकतं, शेपटीला हात भाजतो, बूड टेबलावर डुगडुगतं. यातली जवळजवळ प्रत्येक चूक माती हातात घेण्याआधीच झालेली असते.

म्हणून हा लेख एकाच वस्तूवर आहे: चार कप चहाची, स्टोनवेअर मातीची (म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीची), हातानं घडवलेली मगरीची किटली. मगर निवडली कारण बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या काठावर राहणाऱ्याला तिचं अंग डोळ्यांनी पाठ असतं, आणि किटलीच्या गरजांशी तिचा आकार जागोजागी भांडतो. तुम्हाला मोर करायचा असेल, कासव करायचं असेल, तरी क्रम हाच.

1. आधी तीन जागा राखून ठेवा: हात, तोंड, तळ

कागदावर मगरीचं चित्र काढा. मग लाल पेन्सिलीनं तीन जागा रंगवा. हात जिथे धरणार ती जागा, चहा जिथून बाहेर पडणार ती जागा आणि भांडं जिथे टेकणार ती जागा. या तीन ठिकाणी वापराचा शब्द शेवटचा. तिथे खवले नाहीत, दात नाहीत, नखं नाहीत. बाकीचं सगळं अंग शिल्पाचं, तिथे मनसोक्त काम करा.

हे बंधन वाटतं, पण कल्पना खरी सुचते ती इथेच. मगर सपाट पडून असेल तर तिचं तोंड पोटापेक्षा खाली येतं, म्हणजे किटली भरतानाच चहा तोंडातून वाहून जाणार. मग तिनं मान वर उचललेली हवी. मान उचलली की पाठीला बाक येतो, बाकामुळे झाकणाला जागा मिळते, आणि तोल सांभाळायला शेपूट मागे वर वळवावी लागते. अख्खी मुद्रा एका ओतण्याच्या गरजेतून ठरली.

हिवाळ्यात सकाळी काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून काठावर उन्हाला आलेल्या मगरी दिसतात. तिथे उभं राहून रेखाटनं करा. फोटोवरून काढलेल्या चित्रात वजन येत नाही. आपल्याकडची मगर रुंद जबड्याची असते, हे ध्यानात ठेवा. चिंचोळा लांब जबडा काढलात तर ती घडियाल दिसेल, आणि लांब तोटी भट्टीत वाकेल ते वेगळंच.

तपासणी: चित्रात झाकणाच्या कडेपासून आडवी रेघ मारा. खालच्या जबड्याचं टोक त्या रेघेच्या निदान एक सेंटिमीटर वर आहे का? नसेल तर मान आणखी उचला. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

2. माती आणि आकडेमोड

गरम, दुधाच्या चहासाठी स्टोनवेअर माती घ्या, साधारण 1220 अंश सेल्सिअसला म्हणजे कोन 6 ला (भट्टीतली उष्णता दाखवणाऱ्या शंकूचा क्रमांक) पक्की होणारी. कुंभाराची लाल माती माठासाठी अप्रतिम, कारण ती पाणी झिरपू देते. तेच दुधाच्या चहाला चालत नाही. झिरपलेलं दूध भिंतीत राहतं आणि वास मारतं.

सावध: लाल माती चुकून 1220 अंशांच्या भट्टीत गेली तर ती फुगते, वितळते आणि खालची शेल्फही खराब करते. दुसऱ्याच्या भट्टीत भाजायला देत असाल तर वस्तूबरोबर मातीचं नाव आणि तापमान लिहिलेली चिठ्ठी द्या.

मातीत ग्रॉग, म्हणजे भाजून दळलेल्या मातीची भरड, दहा ते पंधरा टक्के असू द्या, बारीक दाण्याची. ग्रॉगमुळे जाड-पातळ भाग एकमेकांना कमी ओढतात. नुसतं शिल्प असतं तर यापेक्षा जास्त आणि जाड ग्रॉग घातला असता. पण इथे ओठाची कडा धारदार हवी आहे आणि जाड दाणा तिथेच नडतो.

आता आकसण्याचा हिशोब. बहुतेक जण हा टाळतात आणि हाती दोन कपांची किटली येते. मातीची एक पट्टी लाटा, तिच्यावर सुईनं बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ मारा, पट्टी वाळवून अखेरच्या तापमानापर्यंत भाजा आणि रेघ मोजा. 8.8 भरली तर माती 12 टक्के आकसते. यापुढे भाजल्यावर हव्या असलेल्या प्रत्येक लांबीला 0.88 नं भागायचं. बोटांसाठी 4 सेंटिमीटरची मोकळी जागा हवी तर ओल्या मातीत ती साडेचारच्या किंचित वर ठेवा. झाकणाचं तोंड 8 हवं तर 9.1 कापा.

आकारमान मात्र तिन्ही बाजूंनी घटतं. 0.88 ला तीनदा गुणलं की 0.68 येतं. म्हणजे 150 मिलीचे चार कप, 600 मिली चहा मावायला ओल्या मातीचं पोट सुमारे 880 मिलीचं हवं. शिवाय कोणी किटली काठोकाठ भरत नाही, तेव्हा मी 950 धरते.

3. पुठ्ठ्याचा नमुना

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा खऱ्या मापाचा नमुना करा. सुंदर नको, फक्त मापं खरी. तो टेबलावर ठेवा, उचला, ओतल्यासारखा कलवा. मनगट किती वळतं ते पाहा. शेपटीची मूठ फार मागे असेल तर भरलेली किटली पुढे ओढते आणि दोन्ही हात लागतात. मूठ पोटाच्या जितकी जवळ, तितकं वजन हलकं वाटतं. हे पुठ्ठ्यात बदलायला दोन मिनिटं लागतात, मातीत बदलता येत नाही.

4. माती मळणं आणि लाटणं

माती चांगली मळून घ्या, तारेनं मधोमध कापून पोकळ्या पाहा, दिसल्या तर पुन्हा मळा. लाटताना दोन्ही बाजूंना 7 मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा, लाटणं त्यांच्यावरून फिरू द्या, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. दर दोन-तीन फेऱ्यांनी लाटलेल्या मातीचा पत्रा उलटा आणि दिशा बदला. एकाच बाजूनं लाटलेली माती ते लक्षात ठेवते आणि भट्टीत वाकते. शेवटी रबराच्या पट्टीनं दोन्ही बाजू दाबून घ्या.

खाली मेणकापड नको, जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. माती चिकटत नाही आणि साडीची वीणही उमटत नाही इतकी ती मऊ झालेली असते.

वळ्या, म्हणजे मातीच्या दोऱ्या, आणि पाठीवरच्या कण्यासाठी बारीक पट्ट्या काढायला चकलीचा सोऱ्या फार उपयोगी पडतो. एकदा मातीला लावलेला सोऱ्या परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

5. सगळे भाग एकाच बैठकीत

क्रम चुकण्याचं दुसरं ठिकाण हे. पोट आज, जबडा परवा, शेपूट रविवारी, असं केलं की प्रत्येक भागाचा ओलावा वेगळा राहतो. जोडताना सगळं ठीक दिसतं. वाळताना ओला भाग जास्त आकसतो, सुका कमी, आणि सांधा सुटतो. तडा दिसतो तो भट्टीतून आल्यावर, म्हणून दोष भट्टीला दिला जातो.

पोटाचे दोन अर्धे, खालचा जबडा, वरचा जबडा, शेपूट, झाकण, चार पाय, असे सगळे भाग एका दिवसात करा आणि एकाच प्लास्टिकखाली रात्रभर झाका. सकाळपर्यंत ओलावा सारखा होतो.

पोटासाठी एखादा खोलगट लंबगोल बाऊल घ्या, आत सुती कापड घाला आणि लाटलेला पत्रा बोटांनी हलकेच बसवा. असे दोन. वरच्या अर्ध्यात झाकणाचं तोंड आत्ताच कापा, हात आत जाईल एवढं. दुधाच्या चहाची किटली आतून हातानं घासता आली नाही तर महिन्याभरात ती कपाटात जाते.

तपासणी: माती जोडायला तयार कधी? सुरी फिरवली की कड थंड झालेल्या वडीसारखी स्वच्छ कापली जाते, बोटानं दाबलं तर ठसा जेमतेम उमटतो, आणि भाग उचलला तर वाकत नाही. यापेक्षा मऊ असेल तर थांबा. रंग फिका पडू लागला असेल तर उशीर झाला, तो भाग नव्यानं करा. वाळलेल्या भागावर पाणी शिंपडून काम भागत नाही, ओलावा फक्त वरवर राहतो.

6. जोडणी

दोन्ही कडांवर काट्यानं किंवा दातेरी पट्टीनं आडव्या-उभ्या चरा पाडा. त्याच मातीची दाट रबडी लावा. तिच्यात पाण्याऐवजी थोडा व्हिनेगर घातला तर पकड वाढते. भाग दाबून किंचित डावी-उजवीकडे सरकवा, रबडी कडेनं बाहेर आली पाहिजे. मग आतून एक बारीक वळी सांध्यावर बसवून बोटानं घोळवा, आणि बाहेरून लाकडी थापीनं हलके ठोके द्या.

पोट बंद करण्याआधी आतला भाग गुळगुळीत करून घ्या. नंतर झाकणाच्या तोंडातून हात जातो, पण नजर जात नाही.

तळाला मगरीच्या पायांवर उभं करायचा मोह आवरा. चार पाय भट्टीत कधीच एका पातळीत राहत नाहीत. पोटाखाली एक गोल कडी बसवा, सगळं वजन तिच्यावर. पाय अंगाला चिकटवा आणि त्यांचे तळवे टेबलापासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा. पाहणाऱ्याला मगर पायांवर रेललेली दिसते, बसलेली असते ती कडीवर.

7. जबडा: इथे वेळ द्या

किटली ओतते की सांडते, हे या एका भागावर ठरतं.

तोटी म्हणजे खालचा जबडा. मुळाशी रुंद, टोकाकडे निमुळता, वरून बंद असा नळ करा. वरचा जबडा हे निव्वळ शिल्प, त्या नळावर बसवलेलं. नळ मुळाशी रुंद असला की चहा दाटीनं पुढे येतो, टोकाशी त्याला वेग मिळतो आणि धार सलग पडते. मुळापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचा नळ केला तर धार ढिली पडते आणि मागे वळते.

धार मागे वळून हनुवटीखालून ओघळण्याचं कारण ओठाची जाडी. जाड, गोल कडेला पातळ पदार्थ चिकटून राहतो आणि वळणाबरोबर खाली उतरतो. म्हणून ओठ दीड-दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करा, त्याची आतली कड तीक्ष्ण ठेवा आणि खालच्या बाजूनं बोटानं दाबून हनुवटीत छोटा खड्डा द्या. ओघळू पाहणारा थेंब त्या वळणावर तुटतो.

वरचा जबडा ओठापासून निदान दीड सेंटिमीटर मागे थांबवा, नाहीतर किटली कलली की धार त्याच्यावर आपटते. दात बाजूंना, ओठावर एकही नाही. मगरीचं तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. दोन्ही बाजूंना तेवढा एक ठळक दात दाखवला तरी ओळख पटते.

आता आतली जाळी. किटलीला आत गाळणीची भोकं हवीतच, असं सगळीकडे शिकवलं जातं. पण आपण चहा पातेल्यात उकळतो आणि गाळूनच किटलीत ओततो. वर दुधाची साय धरते आणि ती बारीक भोकं बुजवते. दुधाच्या चहासाठी मी जाळी करतच नाही, तोटीच्या मुळाशी अडीच-तीन सेंटिमीटरचं एकच गोल भोक ठेवते. घरात पानांचा कोरा चहा होत असेल तरच जाळी करा. तेव्हा सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ तोटीच्या टोकापेक्षा जास्त हवं. टोक आतून 1.2 सेंटिमीटर असेल तर 5 मिलिमीटरची सहा भोकं कागदावर पुरतात. पण माती आकसते, ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, भोकं अरुंद करतो, पानं काही अडवतात, म्हणून बारा ते पंधरा पाडा. भोकं तोटी लावण्याआधी पाडायची. नंतर तिथे हत्यार पोचत नाही.

सावध: चाकावर काढलेली तोटी वापरत असाल तर ती भट्टीत किंचित उलगडते आणि ओठ एका बाजूला झुकतो. तुमच्या चाकावर एक तोटी करून, भाजून, किती झुकते ते आधी पाहा.

तपासणी: जबडे दोन करा. एक किटलीला, दुसरा वाळवून पहिल्या भाजणीत घाला आणि नळाखाली धरून धार पाहा. पुढच्या किटलीला याचा जो उपयोग होतो, तो कुठल्याही वर्णनानं होत नाही.

8. शेपूट आणि झाकण

मगरीची शेपूट बाजूंनी चपटी असते. तशीच चपटी मूठ केली तर कड बोटांत रुतते. बोटं जिथे येणार तेवढा भाग लंबगोल ठेवा, टोकाकडे चपटी होऊ द्या. शेपूट वर वळून झाकणामागे पाठीला पुन्हा टेकली पाहिजे. एकाच टोकानं लटकणारी मूठ भरलेल्या किटलीचं वजन फार दिवस पेलत नाही.

वरून पाहा: ओठ, झाकणाचा मध्य आणि मूठ एका सरळ रेषेत आहेत का? अंग वळवून मगर जिवंत दिसते, हे खरं. वळण मानेच्या कातडीत, पायांच्या ठेवणीत दाखवा. ही रेघ वाकवू नका, नाहीतर ओतणाऱ्याचं मनगट वाकतं.

झाकणाला तोंडाच्या आत उतरणारी दीड-दोन सेंटिमीटर खोल कडा द्या, म्हणजे किटली कलली तरी ते पडत नाही. तोंड आणि कडा यांत ओल्या मातीत दोन मिलिमीटरची फट ठेवा, ग्लेझ आणि आकसणं दोन्ही तिथे मावतात. धरायला गोळी नको, मगरीचं पिल्लू बसवा. मगर पिल्लांना जपणारी आई आहे, ते पाठीवर शोभतंही आणि बोटात धरायलाही सोयीचं. पिल्लाच्या हनुवटीखाली हवेचं भोक पाडा, ओल्या मातीत 5 मिलिमीटर. हे विसरलं तर आत हवा शिरत नाही आणि धार गचके देत पडते.

9. खवले

सर्व सांधे झाल्यावरच. आधी खवले, मग जोडणी असं केलं की थापीचे ठोके सगळं काम पुसून टाकतात.

पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना उंचवट्यांच्या ओळी द्या, कुशीला फक्त ठसे, पोटाकडे काहीच नाही. ठसे स्वतः मातीतून कोरून, भाजून घ्या. 7 मिलिमीटरच्या भिंतीत दोन मिलिमीटरपेक्षा खोल कोरू नका. बडोद्याच्या सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांच्या मातीच्या मांजरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कळेल मी काय म्हणते आहे. अंगाचा मोठा आकार नेमका असला की तपशील फार थोडा लागतो. प्रत्येक खवला कोरत बसण्याची गरज वाटू लागली तर बहुधा मूळ आकारच ढिला आहे, तिकडे परत जा.

डोळे, जबडा, मान यांत कुठे बंद पोकळी राहिली असेल तर सुईनं आतल्या बाजूला छिद्र पाडा.

10. वाळवणं

बडोद्याची हवा या टप्प्याला सोपी नाही. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की शेपटीचं टोक दुपारीच पांढरं पडतं आणि पोट ओलंच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, आठवडाभरानंतरही आतला भाग दमट. उत्तरायणाच्या दिवसांत गच्चीवर कोरडा वारा असतो, तो एकाच बाजूनं लागतो आणि किटली त्या बाजूला ओढली जाते. गच्ची कुठल्याच ऋतूत नको. घरातली सावलीची, पंख्यापासून दूरची जागा निवडा.

ओठ, दात, पिल्लू, शेपटीचं टोक या पातळ जागा आधी वाळतात. त्यांच्यावर पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळा आणि सबंध किटलीवर एक सैल पिशवी घाला. पहिले तीन-चार दिवस रोज पिशवी उलटून आतला दव पुसा. मग तोंड थोडं थोडं उघडं ठेवत जा. झाकण किटलीवर ठेवूनच वाळवा, दोन्ही एकत्र आकसतात आणि जमतात. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद ठेवा, म्हणजे आकसताना बूड अडकत नाही, सरकतं. उन्हाळ्यात या सगळ्याला दहा दिवस धरा, पावसाळ्यात दुप्पट.

तपासणी: बूड गालाला लावा. थंड लागलं तर पाणी अजून आत आहे.

11. पहिली भाजणी

मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून वस्तू फुटली, असं सर्रास म्हणतात. फोडते ती वाफ. पाणी पूर्ण गेलेलं असेल तर पोकळी निमूट राहते, आणि ओली असेल तर भरीव मातीही उडते. म्हणून सुरुवातीला 80 ते 90 अंशांवर भट्टी काही तास ठेवा, जबड्याचा सांधा जाड असेल तर रात्रभर. मग 600 अंशांपर्यंत तासाला शंभरपेक्षा जास्त वाढवू नका. साधारण 450 ते 600 च्या दरम्यान मातीच्या रचनेतलं पाणी सुटतं आणि 573 अंशांना तिच्यातलं क्वार्ट्झ अचानक प्रसरण पावतं. तिथून पुढे वेग वाढवता येतो. 950 ते 1000 अंशांवर थांबा. झाकण याही वेळी किटलीवरच.

भट्टी 100 अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका.

12. ग्लेझ

ओल्या स्पंजनं धूळ पुसा. सुक्या भाजलेल्या मातीला घासायचं असेल तर ते ओलं करून आणि चांगला मास्क लावून. मातीतली सिलिकाची धूळ फुफ्फुसात साठते. कामाची जागाही झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आधी आतून. शिसं नसलेलं, अन्नासाठी म्हणून विकलं जाणारं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ घ्या. किटलीत ओता, पटकन फिरवा, तोटीतून बाहेर काढा. तोटीतूनच काढलं की नळाची आतली बाजूही भरते. जाळी असेल तर लगेच फुंकर मारून भोकं मोकळी करा. तांब्याचं प्रमाण जास्त असलेली गडद हिरवी ग्लेझं मगरीला शोभतात, पण ती बाहेरच. आत, आणि ओठावर, कधीच नाही.

बाहेरच्या खवल्यांना जाड ग्लेझ लावलं तर सगळं कोरकाम बुडतं. त्यापेक्षा लोह ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशनं लावा आणि ओल्या स्पंजनं उंचवटे पुसा. काळपट तपकिरी रंग खाचांत राहतो. हवं तर वरून एक विरळ थर. शेपटीच्या मुठीला मात्र गुळगुळीत ग्लेझ द्या, ओल्या हातानं पुसता येते.

बुडाची कडी, झाकणाची कडा आणि ती जिथे टेकते ती बैठक या तीन ठिकाणचं ग्लेझ पूर्ण पुसा. बैठकीवर अ‍ॅल्युमिना हायड्रेट मिसळलेलं मेण लावलं तर झाकण चिकटत नाही. ओठावरचा थर पातळ ठेवा. जाड झाला तर वितळून तीच गोल कड परत येते, जिच्यासाठी सातव्या टप्प्यात एवढी मेहनत घेतली.

13. दुसरी भाजणी

या तापमानाला माती मऊ होते आणि पुढे झुकलेला जबडा खाली येऊ शकतो. त्याखाली आधार द्या, पण तो त्याच मातीचा, पहिल्या भाजणीत किटलीबरोबर भाजलेला असावा, म्हणजे बरोबरीनं आकसेल. भट्टीचा विटेचा तुकडा ठेवलात तर जबडा आकसताना त्यावर अडकतो. आधाराच्या जागी ग्लेझ नको आणि शेल्फला किल्न वॉश, म्हणजे ग्लेझ चिकटू न देणारा लेप, लावलेला हवा. शेजारच्या भांड्यापासून एक सेंटिमीटर अंतर ठेवा.

नुसत्या मीटरवर विसंबू नका, किटलीजवळ कोन 6 चा शंकू ठेवा. मीटर हवेचं तापमान सांगतो, शंकू मातीला किती उष्णता पोचली ते सांगतो.

14. चहा ओतण्याआधी

साध्या पाण्यानं भरा, कोरड्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर माती पक्की झालेली नाही. नेमकं मोजायचं असेल तर त्याच मातीचा ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा वजन करा, पाच तास उकळा, त्याच पाण्यात 24 तास ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढ दोन टक्क्यांच्या आत हवी.

लिंबाची फोड आतल्या ग्लेझवर रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ही किटली शोभेलाच ठेवा. आत जाळीसारखे बारीक तडे दिसत असतील तरीही दुधाचा चहा नको.

मग ओतून पाहा, आधी हळू, मग जोरात, मग मध्येच थांबवून. थांबवल्यावर थेंब हनुवटीखाली गेला तर डायमंड पॅड (हिऱ्याची कणी बसवलेलं घासायचं पॅड) पाण्यात भिजवून ओठाच्या खालच्या बाजूनं हलके घासा, वरच्या बाजूला हात लावू नका. दहा-बारा घासण्यांनी कड परत उभी राहते आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. झाकण करकरत असेल तर बैठकीवर बारीक कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून झाकण जागच्या जागी फिरवा, दोन्ही कडा एकमेकींना घासून बसतात.

किटली गॅसवर ठेवायची नाही. थंडीच्या दिवसांत उकळता चहा थेट ओतू नका, आधी गरम पाण्यानं विसळून घ्या.